कयाकचा पुढचा कप्पा

"मिताली, आहेस ना?" बाथरूममधून नचिकेतने हाक मारली.

"आहे रे!" मितालीने गॅरेजमधून ओरडून सांगितलं आणि कयाकच्या, म्हणजे एकट्याने चालवायच्या होडीच्या, पोटातून पेडल ड्राइव्ह उपसून काढला. वर सायकलसारखी पायडलं, खाली पंखा. एवढं एक धूड नसलं की ती महागडी कयाक म्हणजे नुसतं प्लास्टिकचं घमेलं. विमानं बंद झाल्यापासून इंडियाला जायची मोठी बॅग कोपऱ्यात रिकामीच पडली होती. तिच्यात ते धूड घालून मितालीने चेन ओढली.

दुपारी टीव्हीवर जाहीर झालं होतं, लॉकडाऊन जरा सैल, उद्यापासून मेलबर्नमध्ये फिशिंगला परवानगी. ऐकल्याबरोबर नचिकेत म्हणाला, "उद्या सकाळी पॉइंट कुकच्या बीचवर जाऊ. मी कयाक पाण्यात घालीन. तू किनाऱ्यावर बस, मला दिसशील अशी."

मला दिसशील अशी! तेव्हाच तिने ठरवलं होतं, ही कयाक पाण्यात जाऊच द्यायची नाही.

मे महिन्यात नचिकेतचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दुसरं काही मिळालं नाही. जुलैत मिताली हॉस्पिटलात राहून आली. घरी येऊन बघते तर नवरा पार बदललेला. ऑगस्टमध्ये, दिवसाला तासभर पाय मोकळे करायचीच काय ती मुभा असताना, त्याने वेरिबीच्या कुणाकडून तरी ही जुनी कयाक आणवली. ज्याने जन्मात मासा पकडला नाही, पापलेटही तिने साफ करून तळल्यावरच ज्याला ओळखू यायचं, त्याने!

मग दिवसभर गॅरेज. मागच्या मालकाच्या वेळचं मीठ गोड्या पाण्याने धू, साखळीला ग्रीस लाव, सुकाणूची दोरी बदल. आणि प्रत्येक वेळी मिताली शेजारी हवीच. "जरा टॉर्च धर." "हे बूच घट्ट बसलंय का, बघ." बूच नीट बसलं नाही तर कयाकमध्ये पाणी कसं शिरतं, हे त्याने तिला इतक्यांदा समजावलं होतं की तिला पाठ झालं होतं. आपल्या माघारी बायकोला सगळं यावं म्हणून शिकवतोय की काय, असं तिला वाटायला लागलं.

बाथरूमच्या दाराची कडी त्याने काढली. स्क्रू हवे होते म्हणे. स्वयंपाकघरातली मोठी सुरी आमिष कापायला गेली ती परत आली नाही. गाडीच्या किल्ल्या झोपतानाही त्याच्या खिशात. मितालीला रात्री जाग आली की तो उशाशी बसून तिच्याकडे बघत असायचा, निरोप घेत असल्यासारखा.

एकदा तो क्रेगीबर्नच्या आपल्या बहिणीशी फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं. "ताई, अजून किती दिवस असं काढायचे गं?"

या रेखाताईंशी बोलावं, तर त्या रोज फोन करून तिचीच चौकशी करत. जेवलीस का, झोप लागते का. अहो, मला सोडा, तुमच्या भावाकडे बघा जरा, असं अगदी ओठांवर यायचं. पण धीर व्हायचा नाही. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर डोळे पुसत म्हणायच्या, "कोविडमधून वाचलीस गं बाई, आमचं नशीब!" त्यांना आणखी कुठे घाबरवायचं? मिताली हसून मान डोलवायची.

"मिताली? आहेस ना?"

"आहे!"

आंघोळीला गेला तरी तो दार सताड उघडं ठेवायचा आणि मिनिटामिनिटाला हाका मारायचा. त्याला एकटं राहायची भीती वाटते, हे तिने केव्हाच ओळखलं होतं.

कयाकच्या पुढच्या टोकाला, पाणी शिरू नये असा, झाकणाचा एक कप्पा होता. डबा, फोन ठेवायला. नचिकेतने त्याला कुलूप लावलं होतं. डब्याला कसलं आलंय कुलूप? किल्ली लाइफ जॅकेटच्या खिशात सापडली. मितालीने कुलूप उघडलं.

आत मोठी सुरी होती. तिची शिवणाची कात्री होती. घरातली एकूण एक औषधं होती, अगदी तापाचं पॅनाडोलसुद्धा. आणि सगळ्यांत खाली झोपेच्या गोळ्यांची डबी, लेबलवर तिचं नाव आणि जुलैची तारीख.

हे सगळं घेऊन हा उद्या समुद्रावर जाणार होता.

"मिताली? मिताली!"

या वेळी ओ न देता तिने ती डबी मुठीत घट्ट धरली. दाणदाण पावलं वाजली आणि नचिकेत कसाबसा टॉवेल गुंडाळून दारात येऊन उभा राहिला. केसांत साबण तसाच.

"ओ का नाही दिलीस?" मग त्याला उघडा कप्पा दिसला.

"कशासाठी जमवलंस हे?" तिने विचारलं.

"जमवलं नाहीये. ठेवलंय नुसतं. ती डबी दे इकडे."

"नाही देणार! मला काय कळत नाही? जॉब गेल्यापासून तू तू राहिला नाहीस. उद्या तू तिकडे जाऊन काहीतरी करणार आणि मी किनाऱ्यावर बसून बघायचं?" तिला रडू आवरेना. "पेडल मी लपवलंय. सांगणार नाही कुठे ते. जॉब नको मला, इथे कायम राहायचा पीआर नको, काही नको. तू हवायस."

नचिकेत गॅरेजच्या गार फरशीवर तिच्यासमोर बसला.

"तुला वाटलं, मी?" तो म्हणाला. "इतके दिवस तुला माझी काळजी होती?"

"मग कुणाची असणार? जुलैत कोविडमधून मरता मरता वाचले, ते काय तुला असं जाताना बघायला?"

नचिकेतने तिच्या मुठीतून गोळ्यांची डबी हलकेच सोडवून घेतली.

"कोविड होता असं आपण पुण्याला सांगितलंय, मिताली."