ठोंब्या

जो हरेल त्यानं आईला घेऊन जायचं, असं ठरलं आणि थोरलीनं कार्डं पिसायला घेतली.

कार्डं लहानपणीचीच होती. माळा आवरताना बुटांच्या खोक्यात सापडली होती. ड्रॅगन, चेटकिणी, दोन तोंडांचे लांडगे, सगळ्यांच्या कडा झिजलेल्या. घर रिकामं करायचं काम सकाळपासून चाललं होतं आणि त्याच्या जोडीला बहीणभावाचं भांडणही. धाकट्याचं म्हणणं, त्याच्याकडे दोनच खोल्या. थोरलीचं म्हणणं, तिच्याकडे आधीच सासू आहे, आणखी एक म्हातारी तिला झेपायची नाही. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांनाही एकमेकांचं म्हणणं आता तोंडपाठ झालं होतं. उद्या आईनं कागदावर सही केली की घर दुसऱ्याचं होणार होतं. शेवटी धाकटाच म्हणाला, "पूर्वी कसं ठरवायचो आपण? तसंच ठरवू."

आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. दार उघडंच होतं. ते लावून घ्यावं, एवढंही दोघांना सुचलं नाही.

"पिसतेयस की कालवतेयस?" धाकटा म्हणाला.

"तुझ्यासारखी बाहीत लपवत नाही ना, म्हणून वेळ लागतो."

प्रत्येकाला दहा जीव. ज्याचे आधी संपतील तो हरला. थोरलीला पानं झकास आली. तिनं लगेच ड्रॅगन उतरवला आणि बघता बघता धाकट्याचे सात जीव उडवले. तिला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. पण डाव रंगात आला होता, म्हणून तिनं लाज बाजूला ठेवली.

तेवढ्यात धाकट्यानं ठोंब्या काढला.

कार्डावर त्याचं नाव पाषाणरक्षक असं छापलेलं होतं, पण या घरात तो ठोंब्याच. दगडाचा धिप्पाड गडी, हातात दाराएवढी ढाल. मारत नाही, पळत नाही, नुसता उभा राहतो. तो उभा आहे तोवर मागच्याला कुणी हात लावू शकत नाही, येतील ते घाव त्यानं सोसायचे. लहानपणी तो कुणालाच नको असायचा. खेळायला तिसरं कुणीतरी हवं म्हणून दोघं आईला स्वयंपाकघरातून ओढून आणायची आणि ठोंब्या तिच्या गळ्यात मारायची.

"आईचं कार्ड आहे ते," थोरली म्हणाली.

"ज्याला आलं त्याचं."

"कायम कुणाच्या तरी मागे लपायचं. चाळिशी आली तरी."

"तू मार. तोंड चालवू नकोस."

तिनं मारलं. ड्रॅगननं मारलं, लांडग्यानं मारलं, परत ड्रॅगननं मारलं. एका घावाला एक बटण, अशी या घरची जुनी पद्धत. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं ढालीवर साचत गेली. ढाल नऊ घाव सोसणारी होती, आणि बटणं आठ झाली.

"आणखी एक, की ठोंब्या गेला," थोरली म्हणाली. "मग आई तुझ्या गळ्यात." हे ती जरा मोठ्यानंच बोलली.

आई बाहेर आली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी तिनं दोघांच्या मध्ये खुर्ची ओढली आणि बसली. ढालीवरची बटणं तिनं एकेक करून मुठीत घेतली आणि कार्ड उचललं.

"हा माझा," ती म्हणाली. "तुम्हीच दिला होतात."

"अगं आई, आम्ही आपलं उगीच..."

"ऐकलंय मी. दार उघडं होतं." तिनं कार्ड थोरलीसमोर धरलं. "खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाच. मोठ्यानं."

थोरलीला डोळे बारीक करावे लागले. "रक्षकाने सोसलेले सर्व घाव... त्याच्या मनात येईल तेव्हा... एकदम परत करता येतात."

हा नियम त्यांच्या खेळात कधी नव्हताच. ठोंब्या मारत नाही, असं धाकट्यानं पहिलीत असताना ठासून सांगितलं होतं, आणि तेव्हापासून सगळे तेच धरून चालले होते. कार्ड वाचून बघायची गरज कुणाला वाटली नव्हती. थोरलीला एकदम भीती वाटली, आणि ती खेळाची नव्हती.

"उद्या मी सही करणार नाही," आई म्हणाली. "घर माझ्या नावावर आहे, ते माझ्याच नावावर राहील. खोकी भरलीच आहेत, तर आपापली उचला आणि अंधार पडायच्या आत निघा."

"आई, एवढ्यावरून तू असं..."

"एवढ्यावरून नाही."

तिनं मूठ उघडली. चार बटणं थोरलीपुढे ठेवली, चार धाकट्यापुढे. कुणाला कमीजास्त नको म्हणून पूर्वी खाऊ वाटायची, अगदी तशी.

धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे तुला हे तेव्हाच माहीत होतं? दर डावाला हरायचीस तू! आम्ही हसायचो तुला. एकदाही वापरलं नाहीस?"

आई ठोंब्या घेऊन उठली.

"तेव्हा तुम्ही लहान होतात," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.