लाल पाणी

वडश्याच्या नाटक कंपनीनं बाथरूमवाली गाडी घेतली आणि तिचा सांडपाण्याचा पाइप खलनायक लटारूभाऊनं स्वतः जोडला. पाणी तुंबून पायाशी यायला लागलं, म्हणून त्यानं पाइपाचं तोंड उतारावर, चहाच्या टपरीमागं नेऊन सोडलं. नाटकात नायिका ज्योत्स्नाबाईवर कुऱ्हाड चालवून तो पहाटे अंगावरचा लाल रंग धुवायला गाडीत शिरला. टपरीवर पाइपाकडं पाहून बोंब उठली, "रगत! बाईले यानं खरंच मारलं बे!" लोकांनी त्याला साबणासकट ओढून काठ्यांनी, चपलांनी, गरम किटलीनं झोडपलं. "मले मारा, पाइप नोका तुडवू!" तो केकाटला. तेवढ्यात ज्योत्स्नाबाई तोंडात ब्रश घेऊन तंबूतून आली. "काऊन मारून राह्यले? मी जित्ती हावो!" गर्दी ओशाळली. लटारूभाऊ फुटलेलं नाक धुवायला गाडीत गेला. पाइप पुन्हा लाल वाहिला. टपरीवाला म्हणाला, "छ्या! पहिलं रगतच खरं वाटत होतं!"