खालची कडी

"कडी वर लावू की खाली?" सुताराने विचारलं.

ती दाराकडे बघत राहिली. वर लावली तर तिचा हात पुरला नसता, आणि ड्रायव्हरच्या, तिच्या नवऱ्याच्या, मात्र थेट नजरेसमोर आली असती. तो चांगला उंचापुरा.

"खाली लाव. अगदी खाली, उंबऱ्याशी."

"काकू, रोज वाकावं लागेल. तुमचे गुडघे आधीच..."

"वाकेन रे."

या दाराला आतून कडी नव्हतीच कधी. तो शहरातली पहिली बस काढायचा. अख्खी गल्ली त्याला ड्रायव्हर म्हणूनच ओळखायची. पहाटे अंधारात तो निघायचा आणि दार नुसतं बाहेरून ओढून घ्यायचा. त्या दारातून कुणी आत शिरेल, असं दोघांच्याही कधी मनात आलं नाही.

नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती. पण या थंडीत त्याने पुन्हा ड्युटीवर जायला सुरुवात केली. परवा बेकरीवाल्याला तो डेपोच्या फाटकाशी दिसला, अनवाणी, भर रस्त्यात उभा. बेकरीवाल्यानेच त्याला हाताला धरून घरी आणलं, तेव्हा ती अंथरुणात उठून बसली होती आणि शेजारची गादी चाचपत होती. "काकू, ट्रक येतात हो तिथे," एवढंच तो म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला.

सुताराने पटाशी चालवायला घेतली तसा ड्रायव्हर आतून आला. ठोकाठोकी चाललीय म्हटल्यावर त्याला कुठला दम निघतोय! तो शेजारी फतकल मारून बसला, स्क्रू तळहातावर घेतले आणि एकेक करून सुताराला देऊ लागला.

"येऊ दे, येऊ दे... थोडी डावीकडे घे... हां, बास!" बस मागे घेतल्यासारखी त्याने कडी जागेवर घेतली. सुतार हसला. तिलाही हसू आलं, आणि लगेच विरलं.

"कडी कशाला गं पण?" त्याने एकदम मान वर करून विचारलं. "चोरी झाली का कुठे?"

सुताराने तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईने पेचकस शोधायला लागला. तो तर त्याच्या हातातच होता.

"हो," ती म्हणाली. "पलीकडच्या गल्लीत."

"काय गेलं?"

"बरंच गेलं. रोज थोडं थोडं नेत होते म्हणे."

"आणि घरच्यांना पत्ता नाही?"

"उशिरा लागला."

ड्रायव्हरने च्‌ च्‌ केलं. उरलेले स्क्रू सुताराच्या हातावर ठेवले आणि स्वतः कडी दोन-तीनदा सरकवून पाहिली. "मजबूत आहे. छान काम केलंस," तो म्हणाला.

त्या रात्री तो झोपल्यावर ती दाराशी आली. भिंतीला धरून वाकली आणि कडी सरकवली. भोकात बसताना लोखंडाचा बारीकसा आवाज झाला. तो तिला उगाच फार मोठा वाटला. परत येऊन ती त्याच्याकडे पाठ करून पडली. तोंडाकडे बघवेना.

जाग आली तेव्हा खिडकीत उजेड होता आणि शेजारची गादी रिकामी होती. पदर सावरायचंही भान न ठेवता ती बाहेरच्या खोलीत धावली.

ड्रायव्हर दाराला पाठ लावून खुर्चीत बसला होता. अंगात कोट, सगळी बटणं लावलेली. पायात बूट, नाड्या सुटलेल्या. मांडीवर छत्री आडवी, दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. डोळे लाल झाले होते. खालची कडी होती तशीच होती. तिला हातही लागला नव्हता.

"अहो! इथे काय करताय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "कडीवर कुठे विसंबून राहतेस? माणूस पाहिजे दाराशी."

ती तिथेच जमिनीवर बसली. तिने विचारलं, "आणि गाडी? गाडीवर नाही गेलात?"

"कळवलंय त्यांना. म्हटलं, आज जमायचं नाही. बायको घरात एकटी आहे आणि तुमची गाडी कसली घेऊन बसलात? काढेल दुसरा कुणी."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा या माणसाने रजा टाकली नव्हती. दवाखान्यात आला तो संध्याकाळी, खाकी कपड्यांत, फेऱ्या संपवून.

तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मग हात टेकून पुढे सरकली, खुर्चीमागे वाकून कडी काढली. "जरा बाजूला व्हा," म्हणून तिने दार उघडलं. गल्ली जागी झाली होती. समोरची बाई पायरी धूत होती, बेकरीवाला सायकलवरून जाताना थबकला आणि हात हलवून पुढे गेला.

ड्रायव्हरने खुर्ची उचलली आणि नीट उंबऱ्याला लावून मांडली, तोंड रस्त्याकडे. बसला.

"जा, पड तू जरा," तो म्हणाला. "रात्रभर कूस बदलत होतीस. ऐकत होतो मी."

ती आत गेली. पाच मिनिटं पाठ टेकू, कान तिकडेच ठेवू, असं तिने मनाशी ठरवलं. दार तसंच सताड उघडं होतं. तिचे डोळे मिटायला लागले तेव्हा दूधवाल्याच्या किटलीचा आवाज दारापर्यंत आला, आणि पाठोपाठ ड्रायव्हरची दबकी कुजबुज:

"श्‌श्‌... घंटा नको वाजवूस. मला दे इकडे. ती आत्ता कुठे झोपलीय."