न विसरलेली गोळी

हृदयात स्टेंट बसवून घरी निघालेल्या कुमुदमावशी औषधांच्या खिडकीपाशी अडून बसल्या. “आमच्या ताईला होती तीच गोळी द्या. ती घ्यायला विसरायची, म्हणून गेली. मी नाही विसरणार.”

शेजारी ताईची मुलगी मेघना उभी होती. आई रोज देवापुढे दिवा लावला की लगेच गोळी घ्यायची, हे तिने घरच्यांना कितीदा सांगितलं होतं.

खिडकीतल्या यंत्राने मावशींची लाळ तपासली, जनुकं वाचली आणि ती गोळी नाकारली.

“आजी, ही तुमच्या अंगात कामच करणार नाही. दुसरी देते,” फार्मासिस्ट म्हणाली.

“म्हणजे मी नापास?” मावशी हसल्या.

“गोळी नापास, आजी. हे जन्मजात असतं. सख्ख्या बहिणींत अनेकदा सारखंच निघतं.”

मावशींचं हसू थांबलं. मेघना त्या चिमुकल्या यंत्राकडे कौतुकाने बघत राहिली. हे चार वर्षं आधी आलं असतं, तर आई आज इथे बहिणीला दटावत उभी असती.

मावशींनी नवी गोळी तिथेच घेतली आणि भावाला फोन लावला. “अरविंदा, आधी ऐक. ताई एकही गोळी विसरली नव्हती.”