शुक्रवारचं अपडेट

मकसूदभाईंची तिन्ही मुलं आखातात. चौलच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मकसूदभाईंनी खास घरच्यांसाठी एक रिपॉझिटरी, म्हणजे प्रोग्रॅमचं कोठार, चालवली होती. स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम ते तिथे ठेवत आणि दोहा, मस्कत, कुवेतचे कॉम्प्युटर दर शुक्रवारी तिथून अपडेट घेत.

अपडेट गेलं की कुणाचा तरी फोन यायचाच. "अब्बा, फोटोंचा अल्बम परत उघडत नाय." मग मकसूदभाई अर्धा तास एकेक ओळ टाइप करायला सांगत. मधेच नात आफियाचा हलणारा दात पडला का, तेही विचारून घेत.

या शुक्रवारी दोह्याहून हुझैफाचा फोन आला, तो दोनच मिनिटं.

"अब्बा, तुमची दगदग संपली. अपडेटात चूक निघाली तर आता आमचे तिघांचे कॉम्प्युटर आपोआप जुन्या प्रोग्रॅमवर परत जातील. मी तशी सोय केलीय. दर जुम्म्याला फोनवर डोकेफोड नको."

"शाबास, बेटा," मकसूदभाई म्हणाले.

फोन ठेवून ते कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. पुढच्या शुक्रवारसाठी मुद्दाम घालून ठेवलेली चूक त्यांनी पुसून टाकली.