एकबैल्यांचं जू

“वंश खुंटला, असं लिव,” नाथाजी म्हणाला.

बसाप्पा हेळव्यानं बोरू दौतीत बुडवला, पण कागदाला टेकवला नाही. मामलेदाराचा कागद फिरवता येतो, हेळव्याची वही फिरत नाही, हे वडूजच्या आसपास पोराटोरांना ठाऊक होतं. तीन वर्षांतून एकदा तो बैलावर बसून यायचा, घरोघरच्या पिढ्या वाचून दाखवायचा, नव्या जन्मलेल्यांची नावं चढवायचा आणि ज्वारी घेऊन पुढच्या गावाला लागायचा. या खेपेला एकबैल्यांच्या घरात चढवायला नाव नव्हतं. नाथाजीचा धाकटा भाऊ जोतिबा इटलीच्या लढाईत पडला होता. मागं बायको शालूबाई आणि सहा वर्षांची अंजना. वहीत जोतिबाच्या नावापुढं ‘खुंटला’ आलं की शालूबाईनं लेकीला घेऊन लोणंदला माहेरी जायचं आणि विहिरीजवळचं वावर नाथाजीनं कसायचं, असं भावकीत ठरलं होतं. त्यासाठी नाथाजीनं सगळ्या भावकीला जेवू घातलं होतं. वाढपात हात आखडला नव्हता. यावरूनच काम केवढं होतं ते ओळखावं.

“भावजी, त्यास्नी लेक हाय की,” शालूबाई दाराआडून म्हणाली.

“पोरींची नावं वहीत नसत्यात. माझ्या चार आत्या हुत्या. हाय का एक तरी? इचार त्येला.”

“रिवाज न्हाई, बाई,” बसाप्पा खाली बघत म्हणाला.

सोप्याच्या कडेला जोतिबाच्या पलटणीतला गुंडा नावाचा शिपाई बसला होता. पायात गोळी घेऊन तो महिन्यापूर्वीच परतला होता आणि शालूबाईकडं बघवत नसल्यामुळं भलतंच बोलत होता. “आडनावाची लय गंमत असती गड्या. आमचा कप्तान टेलर. टेलर म्हंजी शिंपी. त्येच्या आज्यानंबी कवा सुई धरली नसंल, पर आडनाव शिंप्याचं. तिकडं इटलीत कोंबड्या इकणारा एक म्हातारा भेटला, फेरारो. त्येचा अर्थ लोहार. माणूस जातंय, पर त्येनं केलेलं काम आडनावात ऱ्हातंय.”

“मग आमचं ऐक,” नाथाजी सरसावून बसला. “आमच्या मूळपुरुषाकडं एकच बैल हुता. दोन बैलांचं काम एकटा वढायचा. बादशानं बघितलं आन् आडनाव दिलं, एकबैले. ह्ये बघ त्येचं जू.”

भिंतीवर काळंभोर जू टांगलेलं होतं. लग्नात त्याला देवकाचा मान. बेंदराला बैलाच्या आधी त्याची पूजा. एका अंगाला कुंकू लावायचं आणि दुसऱ्या अंगाला घरातल्या बाईनं आपल्या लुगड्याची चिंधी गुंडाळायची. ही चिंधी कशाला, ते कुणी विचारलं नव्हतं. रीत होती. यंदाची चिंधी शालूबाईची होती.

“बैल एकच हुता, तर जू दोन बैलांचं कशाला रं?” गुंडानं विचारलं.

“मोठ्या घरचं जू मोठंच असतंय,” नाथाजी म्हणाला, आणि भावकी हसली. त्या हसण्यानं त्याला चेव आला. “बसाप्पा, आज मुळापास्नं वाच. कळू दे सगळ्यांस्नी.”

मूळ वाचायचं तर हेळव्याला नवी धोतरजोडी द्यावी लागे. नाथाजीच्या बापानं ती वाचवली होती, आज्यानंही वाचवली होती. एकबैल्यांच्या घरातली काटकसर पिढीजात. आज मात्र नाथाजीनं भावकीसमोर धोतरजोडी काढून ठेवली.

“ह्या घराचं मूळ माझ्या बापानंबी वाचलं न्हाई,” बसाप्पा म्हणाला. त्यानं वहीचं बासन सोडलं, तळाचं पान काढलं, कपाळाला लावलं आणि उठून उभा राहिला. मूळ बसून वाचत नाहीत.

“दुष्काळाचं साल. मूळपुरुष सोनजी. घर घेऊन निघाला, वाटंतच देवाघरी गेला. मुलगा न्हाई. मागं बायको येसाई, एक लेक आन् एक बैल.”

तो थांबला. पुढची ओळ त्यानं आधी मनात वाचली. मग आवाज खाली आणून वाचली.

“येसाईनं जुवाच्या एका अंगाला बैल जुपला, दुसऱ्या अंगाला आपला खांदा दिला. लेकीनं नांगर धरला. खांदा सोलला, तवा लुगडं फाडून जुवाला गुंडाळलं. वाटंनं जाणारी माणसं हसली. म्हनाली, ह्ये बघा एकबैले. त्येच नाव पडलं. म्होरं लेकीला घरजावई आणला. वंश तिथनं वाढला.”

 चुलीपुढच्या बाया सोप्यात आल्या होत्या, आणि त्यांना आत जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. गुंडा दुखरा पाय ओढत उभा राहिला.

नाथाजी जुवापाशी गेला. वरची चिंधी हिरवी, शालूबाईची. तिच्याखालच्या थरांत त्याच्या आईच्या लुगड्याची किनार त्यानं ओळखली. तिच्याखाली आजीची असावी. मग विटलेल्या, मग रंगच नसलेल्या, आणि सगळ्यात आत लाकडाला लागून लाकूडच झालेली. येसाईच्या लेकीनंतर वहीत एकही बाई नव्हती. इथं सगळ्या होत्या.

बसाप्पा खाली बसला. त्यानं आजचं पान पुढं घेतलं.

“सांगा मालक, काय लिवू? लेकीवर वंश खुंटतो म्हनलं, तर तो पयल्या पानावरच खुंटला. मग आत्ता जेवून बसलीत ती माणसं कोन?”

नाथाजीचा हात चिंध्यांवरच होता. डोक्यावरचा पटका त्यानं दुसऱ्या हातानं काढला.

“अंजना,” तो म्हणाला. “ठळक लिव.”