कोपऱ्यावरचा गाळा

साल १९९४. जुनी गल्ली पाडून तिथे नवी वसाहत उभी राहिली होती आणि खाण्याच्या दुकानासाठी एकच गाळा ठेवला होता, कोपऱ्यावरचा. त्यावरून सोसायटीच्या ऑफिसात पुन्हा बैठक बसली होती, आणि पुन्हा कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

गाळा मागणारे दोघे. एक अक्का. गल्लीत त्यांची खानावळ होती, गल्लीबरोबर तीही गेली. दुसरी ती मोठी कंपनी, शहराशहरांत तीच पाटी, तीच खुर्ची, तेच सूप. गंमत अशी, की कंपनीने इथल्या शाखेसाठी मुख्य स्वयंपाकीण नेमली होती ती अक्कांचीच सून.

"माझ्याकडे कोणाचं पोट बिघडलं तर त्याने न सांगताच बिनतिखटाचं ताट जायचं," अक्का म्हणाल्या. "यांच्याकडे कोण विचारणार?"

"विचारतात हो, अक्का," चेअरमन म्हणाले. "आणखी काही हवं का, असं विचारतात."

"ते पाठ केलेलं असतं!"

हशा पिकला. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मला नकोच कोणी विचारायला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातून दमून येते. अक्कांकडे बसलं की लग्न कधी करतेस इथून सुरुवात. तिथे मी एकटी, निवांत जेवीन. शिवाय त्यांचं स्वयंपाकघर काचेतून दिसतं."

"माझंही दिसायचं. दारच नव्हतं त्याला."

"सूनबाई, तुम्ही बोला की," चेअरमन म्हणाले. "की सासूचा धाक?"

"धाक कसला!" सून म्हणाली. "मी शिकले ती आईंच्याच हाताखाली. पण आई तापाने पडल्या की खानावळीची चव पडायची. कंपनीत सगळं मोजूनमापून असतं. उद्या माझ्या जागी दुसरी आली तरी गिऱ्हाइकाला कळणार नाही."

"तू गेलीस तरी कोणाला कळणार नाही," अक्का म्हणाल्या, "आणि त्याचं तुला कौतुक!"



कोणाचं काय पणाला लागलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. गाळा अक्कांना मिळाला तर कंपनी सुनेला लांबच्या शहरात पाठवणार, म्हणजे मुलगा आणि नातही जाणार. कंपनीला मिळाला तर अक्कांची शेगडी कायमची विझणार. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या, आणि गाळ्याचं नाव काढायच्या नाहीत.

मतं घेतली, ती समसमान पडली. शेवटी टीचरबाई उठल्या. वसाहतीतल्या अर्ध्या लोकांचे कान त्यांनी शाळेत पिळले होते, त्यामुळे सगळे आपोआप नीट बसले.

"इतक्या बैठका झाल्या आणि तुम्ही चहाशिवाय काही चाखलेलं नाही. येत्या रविवारी दोघींनी वाटाण्याचं सूप करावं. कोणाचं कुठलं ते न सांगता चाखा आणि मोकळे व्हा."

रविवारी दोन सारखी पातेली आली. अक्कांच्या पातेल्यावर लाल फडकं, सुनेच्या पातेल्यावर पांढरं. वॉचमनने ती दारातच घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. स्वयंपाक करणाऱ्यांनी चाखायचं नाही, असा नियम होता. पातेल्यांपाशी टीचरबाई खुर्ची टाकून बसल्या आणि जराशाने त्यांची मान कलली. चष्मा आत राहिला म्हणून अक्का एकदा आत जाऊन आल्या. हात धुवायला म्हणून मागून सूनही गेली.

मग टीचरबाईंनी निळ्या आणि पिवळ्या वाडग्यांतून सूप बाहेर आणलं. निळ्या वाडग्यातल्या सुपाला कोणी नावं ठेवली नाहीत. पिवळ्या वाडग्यातलं तोंडात गेलं आणि बोलणंच थांबलं. डॉक्टरीणबाईंनी आणखी मागितलं. चेअरमननी पावाने वाडगा पुसून काढला.

"हे अक्कांचंच," ते म्हणाले. "हा हात मी झोपेतही ओळखीन."

सगळे हात पिवळ्यासाठी वर झाले.

"पिवळ्या वाडग्यांतलं सूप," टीचरबाई म्हणाल्या, "पांढऱ्या फडक्याच्या पातेल्यातलं."

अक्का उठल्या. पाठ ताठ, मान वर.

"म्हणजे माझ्या सुनेचं," त्या रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या शेगडीपाशी उभी राहून शिकलीय ती. गाळा तिला द्या."

सुनेने मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले होते. आनंदाने, असं सगळे समजले.

पुढे चेअरमन दर रविवारी तिथेच जेवू लागले, आणि आपण अक्कांच्याच बाजूचे होतो असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले. डॉक्टरीणबाई खिडकीशी एकट्या बसायच्या. मग समोरच्या खुर्चीत एक हाडांचे डॉक्टर येऊन बसू लागले आणि त्यांचं लग्न झालं. ते अक्कांनीच जमवलं, कारण रिकामं बसणं त्यांना कधी जमलंच नाही. सून चढत चढत कंपनीच्या सगळ्या शाखांतल्या स्वयंपाक्यांना शिकवू लागली.

अक्का भरपूर जगल्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी धाकट्या बहिणीला जवळ बोलावलं. "त्या रविवारी फडकी मी बदलली होती गं. सूप माझं, नाव तिचं. नाहीतर पोरं परगावी गेली असती." हे सांगताना म्हातारीचा चेहरा नुसता फुलला होता.

अक्का गेल्यावर सून नवऱ्याजवळ रडली. "आई जिंकाव्यात म्हणून मी फडकी बदलली होती. तरी पांढरंच जिंकलं. म्हणजे ते सूप आईंचं होतं. त्यांच्या हाताची सर मला यायची नाही."

टीचरबाई कोणालाच काही बोलल्या नाहीत. त्या रविवारी त्यांचा डोळा लागलाच नव्हता. आधी सासू येऊन फडकी बदलून गेली, मग सून, आणि पांढरं फडकं परत सुनेच्याच पातेल्यावर आलं.